स्क्रीनचा उजेड आणि सात-आठ ओळी

चोपडा,
शनिवार, रात्रीचे साडेअकरा

गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "ना कुणाची ओळख, ना मोठ्या कॉलेजची डिग्री, मग लिनक्सच्या कर्नलमध्ये, त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, तुझं नाव लागलं कसं?" तेव्हा मोटर चालू करायची होती, म्हणून घाईत फोन ठेवला. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. केळीला पाणी सोडलंय, पहाटेपर्यंत मळ्यातच आहे, तर आज सगळं लिहितो.

माझा तो जुना, सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप आठवतो ना? त्यावर लिनक्स टाकलं. वायफाय, आवाज, सगळं लागलं, फक्त स्क्रीनचा उजेड कमी होईना. बटण दाबलं की पट्टी खाली सरकायची, उजेड तेवढाच. दिवसा जाणवत नसे. पण रात्री मळ्यातल्या खोलीत लाइट गेली की डोळे चुरचुरायचे आणि दीड तासात बॅटरी संपायची. वर्षभर तसंच रेटलं.

मग एका उन्हाळ्यात मुळाशी जायचं ठरवलं. लॅपटॉपचा उजेड बदलायचे रस्ते एकाहून जास्त असतात. फर्मवेअरला (मशीनमध्येच भरून आलेल्या प्रोग्रामला) सांगून, म्हणजे एसीपीआय या ठरलेल्या पद्धतीमार्फत, किंवा कंपनीच्या ड्रायव्हरमधून (ड्रायव्हर म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा कोड), किंवा थेट ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधून. यातला कोणता घ्यायचा याचा कर्नल अंदाज बांधतं. माझ्या मशीनचं फर्मवेअर "माझ्याकडे द्या" म्हणून पुढे यायचं आणि करायचं काहीच नाही. मशीन सुरू, म्हणजे बूट, होताना कर्नलला एक ओळ देता येते. तिच्यात 'एसीपीआय बॅकलाइट'ची किंमत 'नेटिव्ह', म्हणजे थेट ग्राफिक्सचा रस्ता, अशी दिली, बटण दाबलं, आणि कंदिलाची वात खाली करावी तसा उजेड उतरला. आई दारात उभी होती. "काय करी ऱ्हायना रे?" म्हणाली. मला उत्तरच सुचेना, नुसता स्क्रीनकडे बोट दाखवत राहिलो.

माझं काम तिथे झालं होतं. पण तसलेच लॅपटॉप आपल्याकडे कितीतरी पोरांनी घेतलेत. प्रत्येकाने ती ओळ कुठून शोधायची? कर्नलच्या कोडमध्ये 'व्हिडिओ डिटेक्ट' नावाची एक फाइल आहे. तिच्यात अशा अडून बसणाऱ्या मॉडेलांची लांबलचक यादी आहे: हे मॉडेल दिसलं तर अंदाज बांधू नकोस, हा रस्ता घे. प्रत्येक नोंद जेमतेम सात-आठ ओळींची, त्यात कंपनीचं नाव आणि मॉडेलचं नाव. म्हणजे जगभरातल्या माझ्यासारख्यांनी आपापलं दुखणं तिथे लिहून ठेवलं होतं. माझ्या मॉडेलची नोंद नव्हती. ती यादी वाचताना पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

बदललेल्या कोडमधून कर्नल बांधून बघणं हे मात्र कष्टाचं काम. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो, लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायचा. म्हणून पहाटे तीनला उठून 'मेक' ही बांधणीची आज्ञा लावायचो. आपल्या मशीनला लागतात तेवढेच मॉड्यूल, म्हणजे कर्नलचे सुटे भाग, निवडून देणारी 'लोकल-मॉड-कॉन्फिग' ही सोय सापडली आणि वेळ निम्म्याहून कमी झाला. मध्येच बंद पडलं तरी झालेलं वाया जात नाही. पुन्हा 'मेक' म्हटलं की राहिलेलं पुढे सुरू.

पॅच, म्हणजे कोडमध्ये केलेला बदल, ईमेलने पाठवायचा असतो. कुणाला, म्हणजे त्या भागाचा मेंटेनर (सांभाळणारा) कोण, ते कोडसोबतची 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते. 'चेकपॅच' ओळी तपासून देते. खाली आपल्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लिहायची: हे काम देण्याचा मला हक्क आहे, असं त्यातून कबूल करायचं. ही पद्धत २००४ साली आली, आदल्याच वर्षी लिनक्सच्या कोडच्या मालकीवरून अमेरिकेत मोठा दावा लागला होता. सातबाऱ्यावर नाव लागतं तसंच आहे हे. ओळ कुणाची, कधीची, का घातली, सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत, कायम राहतं.

माझा पहिला पॅच लागलाच नाही. ब्राउझरमधून चिकटवून पाठवला होता, त्यात टॅबच्या जागी स्पेस आल्या. कर्नलमध्ये ओळ टॅबनेच आत सरकवतात, टॅब आठ अक्षरांचा. मेंटेनरचं दोन ओळींचं उत्तर आलं: 'गिट सेंड-ईमेल' वापरा. दुसरा पॅच नीट गेला. तीन दिवसांनी उत्तर आलं, ते मी जपून ठेवलंय. मी मॉडेलचं नाव ज्या पद्धतीने जुळवलं होतं, तिच्यात नावाचा तुकडा जुळला तरी चालतं. म्हणजे त्याच नावाने सुरू होणारी दुसरी मॉडेलंही पकडली जातील, आणि त्यांच्यात बिघाड नसेल तर माझ्यामुळे होईल. नाव पूर्ण जुळलं पाहिजे असं लिहा, त्यांनी सांगितलं. गड्या, मला कधी न भेटलेल्या माणसाने माझी एकेक ओळ इतक्या बारकाईने वाचली होती. आपल्या नोकरीत, शाळेत, कुणी वाचलं होतं का रे असं आपलं लिहिलेलं?

तिसऱ्या खेपेला, काय बदललं ते पॅचमधल्या तीन आडव्या रेघांखाली लिहून पाठवलं. "अप्लाइड, थँक्स." एवढंच उत्तर. नव्या आवृत्तीच्या सुरुवातीला दोन आठवडे नवं काम आत घेतात, मग सात-आठ आठवडे तपासणी चालते. त्या चक्रातून माझ्या ओळी पार पडल्या. नंतर डेबियनच्या (माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्सच्या) नेहमीच्या अपडेटमधून त्या माझ्याच लॅपटॉपवर परत आल्या, तेव्हा बूटची ती ओळ मी काढून टाकली.

बापूंनी विचारलं, पैसे किती? काहीच नाही म्हटलं. कर्नलचं बरंचसं काम आता कंपन्यांचे पगारी लोक करतात, हेही खरं. पण माझ्या मशीनचं दुखणं त्यांच्यापैकी कुणाच्या टेबलावर येणार होतं?

तू म्हणालास, तुझ्या लॅपटॉपचं माइक बंद करायचं बटण लिनक्सवर चालत नाही. तसंच सोडू नकोस. 'सिस-क्लास-डीएमआय-आयडी' या फोल्डरमध्ये 'सिस्-व्हेंडर' आणि 'प्रॉडक्ट-नेम' या दोन फाइली आहेत. त्यांत काय लिहिलंय ते मला कळव, आणि दिवाळीला येताना तो लॅपटॉप घेऊनच ये.

पाणी शेवटच्या सरीला पोचलं. मोटर बंद करायला जातो.

तुझाच,
मळ्यातला दोस्त