फायटरचा बचाव एकट्या चिलखतावर सोडू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, पात्रे घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचा नवख्या वाचकांना करून दिलेला परिचय वाचला. मराठी दैनिकाने या खेळाला जागा दिली याचा आनंद आहे. मात्र त्यात फायटर या योद्ध्याच्या पात्राविषयी दिलेला सल्ला, म्हणजे आर्मर क्लास अर्थात एसी (वार बसण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) जितका वाढवता येईल तितका वाढवावा आणि उरलेले सारे कॉन्स्टिट्यूशन या काटकपणाच्या गुणाला देऊन हिट पॉइंट्स, म्हणजे इजा सोसण्याची ताकद, भरपूर ठेवावेत, हा मला अपुरा वाटतो. नव्या खेळाडूने तो शब्दशः पाळला, तर त्याचा फायटर तलवारीच्या वाराने नव्हे, तर एखाद्या साध्या मंत्राने निकामी होईल. पुढील आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांतले आहेत. २०२४च्या सुधारित नियमांनी काय बदलले ते शेवटी सांगतो.

आधी एसीच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगितलेच पाहिजे. फायटरची सुरुवात बहुधा चेनमेल या कड्यांच्या चिलखताने होते आणि त्याचा एसी १६ असतो. पुढे सोन्याची १५०० नाणी जमली की प्लेट हे सर्वांत भारी चिलखत घेता येते, तिचा १८. ढालीचे २ आणि डिफेन्स या युद्धशैलीचा १ मिळवला की जादूच्या कोणत्याही वस्तूविना २१ गाठता येतात. आता समोर ओगर हा राक्षस आहे असे धरू. त्याची गदा +६ने चालते, म्हणजे फाशावरच्या आकड्यात ६ मिळवून एसी गाठला तर वार बसतो, आणि लागली तर सरासरी १३ इजा करते. एसी १६ असताना ओगरला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे शंभरातले ५५ वार बसतात. एसी १८ असेल तर ४५, २० असेल तर ३५ आणि २१ असेल तर ३०. क्रिटिकलचा, म्हणजे इजेचे फासे दुप्पट होणाऱ्या वाराचा, हिशेब बाजूला ठेवला तर दर वारामागची सरासरी इजा ७.१५वरून ३.९वर येते. यातली सहसा न बोलली जाणारी गोष्ट अशी की, १६वरून १७वर जाताना बसणारे वार ५५चे ५० होतात, म्हणजे अकराव्या हिश्शाने घटतात, तर २०वरून २१वर जाताना ते ३५चे ३० होतात, म्हणजे सातव्या हिश्शाने घटतात. एसीचा पुढचा प्रत्येक गुण आधीच्या गुणापेक्षा अधिक कामाचा ठरतो, त्यामुळे एसीच्या मागे लागलेला खेळाडू थांबत नाही, आणि त्याचे गणित चूक आहे असे मला म्हणता येणार नाही.

तरीही त्याने थांबावे असे मला वाटते. एक कारण टेबलापलीकडे बसून शत्रूंच्या चाली ठरवणाऱ्या डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, संबंधित आहे. दोन फेऱ्या गदा वाया गेली की थोडीफार अक्कल असलेला शत्रू फायटरला वळसा घालून मागच्या विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, जातो. शत्रूचे लक्ष आपल्यावरच खिळवून ठेवण्याची व्हिडिओ गेममध्ये असते तशी सोय या नियमांत फायटरला आपोआप मिळत नाही. निसटणाऱ्या शत्रूवर एका फेरीत एकच वार, तोही रिअॅक्शन (फेरीत एकदाच मिळणारी प्रत्युत्तराची संधी) शिल्लक असेल तर. सेंटिनेल हा फीट, म्हणजे निवडून घ्यायचे खास कौशल्य, घेतला तर तो वार बसताच शत्रू जागच्या जागी थांबतो, म्हणून फायटरने इतरांची ढाल व्हायचे ठरवले असेल, तर एसीच्या आणखी एका गुणापेक्षा हा फीट मला जास्त उपयोगाचा वाटतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, ते म्हणजे एसीकडे न पाहणारे हल्ले. 'होल्ड पर्सन' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र घ्या. तो टाळण्यासाठी विस्डम या गुणाचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा (थोडक्यात सेव्ह), टाकावा लागतो आणि फायटरला प्रावीण्य, म्हणजे फाशात मिळणारी जादा भर, असते ते स्ट्रेंग्थ व कॉन्स्टिट्यूशन या दोनच सेव्हमध्ये. विस्डम १० असेल तर फाशात काहीच मिळवले जात नाही, त्यामुळे अशा फायटरला डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १३ असताना कोऱ्या फाशावर १३ काढावे लागतात, म्हणजे शंभरात ६० वेळा तो जागीच लुळा पडतो. लुळ्या पात्रावरच्या प्रत्येक हल्ल्याला अॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरला जातो, आणि जवळून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल धरला जातो. तोच ओगर आता एसी २१च्या फायटरला ३०ऐवजी ५१ टक्के वेळा मारतो आणि दर वेळी १३ नव्हे, तर सरासरी २२ इजा करतो, म्हणजे दर वारामागे ११हून अधिक. मोकळ्या फिरणाऱ्या चेनमेलवाल्या फायटरला हाच ओगर सव्वासातच्या आसपास इजा करतो हे वर आलेच आहे. दीड हजार नाण्यांची प्लेट, ढाल आणि युद्धशैली या सर्वांची कमाई एका फसलेल्या सेव्हने धुऊन निघते आणि वर तोटा होतो तो वेगळाच. शिवाय लुळ्या अवस्थेत स्ट्रेंग्थ (ताकद) आणि डेक्सटेरिटी (चपळाई) यांचे सेव्ह आपोआप फसतात.

मग हिट पॉइंट्सचे काय? त्यांचे महत्त्व मी मुळीच कमी मानत नाही, कारण काही हल्ल्यांपुढे दुसरा बचावच उरत नाही. प्रौढ लाल ड्रॅगनच्या आगीचा डीसी २१ आहे. डेक्सटेरिटी १० असलेल्या फायटरला फाशावर २० पडले तरी तो चुकत नाही आणि सरासरी ६३ इजा सोसावीच लागते. सतराव्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशन १६ असेल तर सरासरी हिशेबाने १५७ हिट पॉइंट्स असतात, १४ असेल तर १४०, आणि १० असेल तर १०६. पहिले दोघे असे दोन लोट सोसून उभे राहतात, तिसरा दुसऱ्याच लोटाला पडतो. म्हणजे कॉन्स्टिट्यूशन १०वर ठेवणे परवडत नाही, पण १४वरून १६वर जाण्याने या प्रसंगात काहीच बदलले नाही. सहाव्या लेव्हलला मिळणारी दोन गुणांची वाढ कॉन्स्टिट्यूशनसाठी घेतली तर पदरात सहा हिट पॉइंट्स पडतात, ओगरच्या एका वाराच्या निम्मेही नाहीत.

त्याच सहाव्या लेव्हलला त्या वाढीऐवजी रेझिलिएंट हा, एका गुणात १ वाढवून त्याच्या सेव्हमध्ये प्रावीण्य देणारा, फीट विस्डमसाठी घेतला तर काय होते ते पाहावे. पात्र बनवताना १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरीव आकड्यांतले १५ स्ट्रेंग्थला, १४ कॉन्स्टिट्यूशनला आणि १३ विस्डमला द्यावेत. प्लेट घालणाऱ्याच्या एसीत डेक्सटेरिटी धरली जात नाही, त्यामुळे तिला १३ देण्यात मला अर्थ दिसत नाही. रेझिलिएंटने १३चे १४ होतात, त्या १४चे २ आणि प्रावीण्याचे ३ मिळतात, सेव्ह +५वर जातो आणि 'होल्ड पर्सन' फसण्याची शक्यता ६०वरून ३५ टक्क्यांवर येते. प्रावीण्य लेव्हलबरोबर वाढत जाते, हा याचा खरा लाभ. सतराव्या लेव्हलला हाच सेव्ह +८ होतो आणि त्या लाल ड्रॅगनच्या दहशतीपुढे, जिचा डीसी १९ आहे, फायटर निम्म्या वेळा टिकतो. विस्डम १०वर ठेवलेला फायटर दहात एकदाच टिकतो. सहाव्या आणि चौदाव्या लेव्हलला मिळणाऱ्या जादा वाढी हे फायटरचे वैशिष्ट्यच आहे. त्याला अशा एकूण सात मिळतात, बहुतेक वर्गांना पाच. त्यातली एक अशी खर्च केल्याने त्याच्या हल्ल्याची धार फारशी बोथट होत नाही.

फायटरने मनाने दुबळे असावे अशी या खेळाची परंपराच आहे, असे काही जण म्हणतात. ते मला मान्य नाही. खेळ १९७४ साली आला. पुढे अॅडव्हान्स्ड नावाच्या पहिल्या आवृत्तीत सेव्हचे पाच प्रकार होते आणि ते पात्राच्या वर्गावर व लेव्हलवर ठरत. मंत्र टाकणारा किती बलवान आहे याचा त्या आकड्यांशी संबंध नव्हता. पहिल्या लेव्हलच्या फायटरला मंत्राविरुद्ध १७ काढावे लागत, तर सतराव्या लेव्हलच्या फायटरला केवळ ६, म्हणजे चारातले तीन मंत्र तो झटकून टाकी. अनुभवी फायटरचे सेव्ह त्या काळी एकंदरीत सर्व वर्गांत उत्तम म्हणावेत असे होते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने फॉर्टिट्यूड (काटकपणा), रिफ्लेक्स (चपळाई) आणि विल (मनोबल) असे तीन सेव्ह केले आणि फायटरला त्यांतला फक्त फॉर्टिट्यूड चांगला दिला. विसाव्या लेव्हलला तो +१२ होई, विल मात्र +६वरच राही. आज आपण ज्याला फायटरचा स्वभाव समजतो, तो त्या आवृत्तीचा निर्णय आहे.

२०२४च्या नियमांत इंडॉमिटेबल या नवव्या लेव्हलच्या क्षमतेची सुधारणा झाली. पूर्वी फसलेला सेव्ह नुसता पुन्हा टाकता येई, म्हणजे दहात एकदा टिकणारा फायटर फार तर शंभरात १९ वेळा टिके. आता पुन्हा टाकताना फायटरची लेव्हल मिळवता येते, त्यामुळे सतराव्या लेव्हलला डीसी १९विरुद्ध कोरा फासाही २ आला की पुरतो. हे दिवसातून एकदा, तेराव्या लेव्हलपासून दोनदा आणि सतराव्यापासून तीनदा वापरता येते. त्यामुळे नव्या नियमांनी खेळणाऱ्यांना नवव्या लेव्हलनंतर रेझिलिएंटची निकड कमी वाटेल, हे मान्य. पण बहुतेक मोहिमा ज्या लेव्हल्समध्ये रेंगाळतात त्या त्याच्या आधीच्याच असतात. गटात पॅलाडिन, म्हणजे दैवी शक्ती असलेला योद्धा, असेल तर हिशेब आणखी वेगळा, कारण सहाव्या लेव्हलपासून त्याच्या दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या मित्रांच्या सर्व सेव्हमध्ये त्याच्या करिश्मा या गुणाची भर मिळवली जाते. अशा गटात फायटरने खुशाल सेंटिनेल आधी घ्यावा.

पुरवणीत पुढे नमुन्याची पात्रे छापणार असाल, तर एसी आणि हिट पॉइंट्सच्या शेजारी सहाही सेव्हचे आकडे छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे