समोरच्या कोर्टाचं नाव

माँटगोमेरी, अलाबामा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, माझ्या ऑफिससमोरच्या कोर्टाला कुणाचं नाव आहे, असं तुम्ही विचारलंत. फोनवर आटोपण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

नाव फ्रँक जॉन्सन यांचं. इथे राज्याची कोर्टं निराळी, केंद्राची निराळी. केंद्राच्या न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि नेमणूक तहहयात असते. जॉन्सन १९५५ मध्ये खुर्चीवर बसले तेव्हा ३७ वर्षांचे होते. काही आठवड्यांतच, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्सना अटक झाली आणि शहराच्या बसमधल्या वर्णभेदाचा दावा तिघा न्यायाधीशांपुढे आला. जून १९५६ मध्ये दोघांनी तो वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांतले एक हे. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला.

तुम्हाला खरी आवडेल ती १९६५ची गोष्ट. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा गावाहून माँटगोमेरीला मोर्चा निघाला होता. ७ मार्चला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. मार्टिन ल्यूथर किंगना लगेच पुन्हा निघायचं होतं. जॉन्सननी आधी त्यांनाच थांबवलं, सुनावणी होईपर्यंत मोर्चा नाही म्हणाले. मग साक्षीपुरावा ऐकला आणि १७ मार्चला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरण्याचा हक्कही मोठा, हे त्या निकालाचं सूत्र. रस्ता जिथे दोनच लेनचा आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत, इतकं बारीक त्यात ठरलेलं! मोर्चाला संरक्षण द्या, असं राज्याला बजावलं ते वेगळंच. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस म्हणजे कायद्याच्या कॉलेजातले त्यांचे सोबती. पुढे मनोरुग्णालयांत डांबलेल्यांना उपचार मिळालेच पाहिजेत, हेही त्यांनीच ठरवलं.

बाबा, केस खरी उभी राहते ती पहिल्या कोर्टात, असं तुम्ही म्हणायचात ते मला आता पटतं. वरच्या कोर्टाला कागद दिसतात. ज्यांच्याविरुद्ध निकाल दिला त्याच गावात पहिल्या न्यायाधीशाला राहायचं असतं, बाजारहाट करायचा असतो. जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही इथल्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, ती बचावली. घराला वर्षानुवर्षं पहारा होता. त्या माउलीचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९७९ मध्ये ते अपिलाच्या कोर्टात गेले, १९९९ मध्ये वारले.

आता माझं मागणं. तुम्ही ज्यांच्या हाताखाली रोजनामे लिहिलेत, त्या न्यायाधीशांच्या आठवणी वहीत उतरवून काढा. जमिनीच्या त्या दाव्यात आपल्याही दारात माणसं येऊन दम देत, ते आईला जास्त आठवत असेल. आई, तू सांग, बाबा लिहितील. डोळ्यांना त्रास होत असेल तर फोनवर रेकॉर्ड करा, मी इथे बसून लिहून काढीन.

तुमची लेक