वजनासोबत कंबरही मोजा

मा. संपादक,

माझे वडील हातापायांनी सडपातळ, फक्त पोट सुटलेले. वजन ६२ किलो, त्यामुळे घरात कुणी काळजीच केली नाही. गेल्या महिन्यात साखर वाढलेली निघाली. यकृत-आतड्यांभोवती साठलेली चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही, पण मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका तीच वाढवते. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावे. पँटचा नंबर धरू नये. पँट पोटाखाली बसते. सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी महापालिकेने या आकड्यांचा फलक लावावा, सोबत शिंप्याची साधी टेपही ठेवावी.

— एक वाचक, सांगली