कडू भोपळ्याचा वेल काढू नका

एल्डोरेट, केनिया

ती. आण्णांस, शि. सा. न.

बांधावरचा कडू भोपळ्याचा वेल यंदा काढायचा म्हणालात, तेव्हापासून चैन नाही. फोनवर नीट बोलणं होत नाही म्हणून लिहिते.

इथं शेजारच्या कालेंजिन जमातीच्या आजी अजून भोपळ्यातच दूध आंबवतात. लांब मानेचा वाळका भोपळा, त्याला त्या सोतेत म्हणतात. सेनेत्वो नावाच्या झुडपाच्या काड्या जाळून तो कोळसा आतून घोटून घोटून लावायचा, मग उकळून गार केलेलं दूध ओतायचं आणि तोंड बंद करून काही दिवस ठेवायचं. हे आंबवलेलं दूध म्हणजे मुर्सिक. ते तयार झालं की दुधावर निळसर राखाडी झाक येते, धुराचा वास येतो. शर्यत जिंकून आलेल्या धावपटूंना विमानतळावर हेच पाजतात. पहिला घोट घेतला आणि मला आपला बांधच आठवला. भोपळ्याची ही जात मूळची आफ्रिकेतलीच, आण्णा.

आणि आपल्या भीमाकाठचा भोपळा तर मिरजेला जातो! तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तंबोऱ्यात घुमतो तो आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचाच भोपळा. दुधीची साल पातळ, तिथं ती चालत नाही. जाड कवचाचा कडूच लागतो. म्हणून फळं वेलावरच पूर्ण वाळू द्या. खाली पाचट घाला, म्हणजे ओल लागून डाग पडणार नाहीत. देठ वाळल्याशिवाय तोडू नका. मोठे, गोल निघाले तर मिरजेच्या कारागिरांना दाखवाच.

तुमची भीती दुधी कडू होण्याची ना? शेजारच्या कडू वेलाचे परागकण लागून यंदाचं फळ कडू होत नाही. त्या फळाचं बी पुढच्या वर्षी लावलं तर मात्र वेल कडू निघू शकतो. तेव्हा दुधीचं बी घरचं धरू नका, विकत आणा. आईला मात्र बजावून सांगा, दुधी चिरला की एक फोड जिभेला लावून बघायची. कडू लागली तर अख्खा टाकून द्यायचा, रस तर मुळीच काढायचा नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

शेवटची चार घोसाळी वेलावर वाळायला सोडा. माझ्या अंघोळीसाठी हवीत. सोलापूरहून कोणी इकडं येणार असेल तर त्यांच्याबरोबर द्या, वजन काहीच नाही. शेंगदाण्याची चटणी जमली तरच.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमी