‘हाय-पॉवर’ बंद झाले. त्याच्या सुट्या भागांचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ या पिस्तुलाचे उत्पादन थांबल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला, तो मी आवडीने वाचला. लष्करात आर्मरर म्हणून, म्हणजे शस्त्रांची तपासणी आणि दुरुस्ती करणारा कारागीर म्हणून नोकरी झाल्यामुळे या पिस्तुलाच्या घराण्याशी माझा रोजचा संबंध होता आणि त्याविषयी कोणी मराठीत चार शब्द लिहिले की बरे वाटते. मात्र लेखाचा एकूण सूर असा आहे, की बेल्जियमच्या कारखान्याने एक उत्तम वस्तू उगाच मोडीत काढली आणि तिथे तो विषय संपला. या दोन्ही बाबतींत माझे मत निराळे आहे. उत्पादन थांबवण्याचा निर्णय माझ्या मते योग्यच होता, आणि विषय म्हणाल तर तो, निदान आपल्या देशात, अजून संपायचा आहे.

आधी श्रेयाबद्दल थोडेसे. लेखात या पिस्तुलाचे सारे कर्तृत्व अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांच्या पदरात टाकले आहे. ब्राउनिंग यांचे निधन नोव्हेंबर १९२६ मध्ये बेल्जियममध्येच झाले. पेटंट मंजूर झाले ते १९२७ मध्ये आणि पिस्तूल प्रत्यक्ष बाजारात आले १९३५ मध्ये. मधली वर्षे हे पिस्तूल बनवणाऱ्या बेल्जियमच्या एफएन कंपनीतील दियुदोने सेव्ह हे अभियंते त्या आराखड्यावर खपत होते. ज्या गोष्टीमुळे हे पिस्तूल नावाजले, ती तेरा काडतुसांची, दोन रांगांत नागमोडी भरण्याची मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, सेव्ह यांचीच. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कोल्ट या शस्त्र-कंपनीकडील ब्राउनिंग यांच्या जुन्या पेटंटची मुदत संपल्यावर त्यातले जे उपयोगी होते तेही सेव्ह यांनी या रचनेत आणले. गंमत अशी, की हा सारा खटाटोप मुळात फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून सुरू झाला होता आणि फ्रेंचांनी शेवटी पिस्तूल घेतले ते दुसरेच.

पुढचा इतिहास लेखात बऱ्यापैकी आला आहे. जर्मनांनी बेल्जियम ताब्यात घेतल्यावर त्याच कारखान्यातून स्वतःच्या सैन्यासाठी तीन लाखांहून अधिक पिस्तुले काढली. त्याच वेळी टोरँटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने चीन आणि मित्रराष्ट्रांसाठी सुमारे दीड लाख पिस्तुले बनवली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनी अशा दोन्ही बाजूंकडे हेच पिस्तूल होते. लेखकाने वगळलेली एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे : १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, तेही हाय-पॉवरच होते. शस्त्राचे कौतुक करताना त्याच्या लौकिकाची ही बाजू गाळणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

आता गुणदोषांकडे वळतो, कारण निर्णय योग्य होता असे मी म्हणतो त्याचा आधार तिथे आहे. पिस्तूल हातात बसते फार छान, याबद्दल वाद नाही. तेरा काडतुसे पोटात घेऊनही मूठ बोजड होत नाही आणि नवखा जवानही चांदमारीच्या मैदानावर ते सहज निशाणावर धरतो. परंतु घोड्याची रचना अशी आहे, की मोठ्या पंजाच्या माणसाने मूठ जरा वर पकडली तर मागे येणारा घोडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटतो. जुन्या नमुन्यांतला सुरक्षा-खटका इतका बारका आणि घट्ट असतो, की घामेजल्या अंगठ्याने तो दाबताना माणूस कातावतो. त्यामुळे चेंबर, म्हणजे झाडायचे काडतूस जिथे बसते ती नळीमागची जागा, रिकामे ठेवूनच पिस्तूल बाळगण्याची शिस्त बहुतेक ठिकाणी पाळली जाते आणि वेळ आली की स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, ओढायला दुसरा हात मोकळा असावा लागतो.

सर्वांत त्रासदायक प्रकार मॅगझिन-सेफ्टीचा. मॅगझिन काढलेली असेल तर चेंबरमध्ये काडतूस असूनही चाप दाबल्यावर गोळी सुटत नाही. कागदावर हे शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात या सेफ्टीचा एक तुकडा मॅगझिनच्या पुढच्या अंगावर घासत राहतो, त्यामुळे चाप जड आणि खरबरीत लागतो, आणि खटका दाबला तरी मॅगझिन आपोआप खाली न पडता ओढून काढावी लागते. त्याहून वाईट म्हणजे शस्त्र रिकामे करतानाची कसरत. मॅगझिन काढायची, स्लाइड ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकायचे, चेंबर डोळ्यांनी पाहायचे, आणि मग उभा राहिलेला घोडा चाप दाबून खाली आणण्यासाठी रिकामी मॅगझिन परत घालायची. ड्यूटीवरून परतलेल्या दमलेल्या माणसाच्या हाती त्या घाईत रिकामीऐवजी भरलेली मॅगझिन आली आणि सवयीने स्लाइड पुन्हा ओढली गेली, तर पुढे काय होईल हे शस्त्रागारात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. सुरक्षेसाठी बसवलेल्या भागामुळे सुरक्षेची एक पायरी वाढावी आणि त्या पायरीवरच पाय घसरावा, असा हा मामला आहे.

एफएनने आपल्या परीने सुधारणा केल्या. १९६२ च्या सुमारास काडतुसाचे रिकामे टरफल खेचणारा एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आतून बाहेरच्या बाजूला आणला; ऐंशीच्या दशकात मोठा, दोन्ही हातांनी चालणारा सुरक्षा-खटका आणि निशाण धरण्याची चांगली माशी असलेल्या नव्या आवृत्त्या काढल्या. पण १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ हे पिस्तूल स्वीकारले आणि काळ पालटला. प्लास्टिकची चौकट, मोजके भाग, सतरा काडतुसे, वेगळा सुरक्षा-खटकाच नाही, आणि वजन हाय-पॉवरपेक्षा कितीतरी कमी. पोलादाच्या घडीव तुकड्यावर यंत्रांचे इतके हात फिरवून बनणारे पिस्तूल किमतीत त्याच्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. अखेरच्या काळात अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरच्या वर गेली होती. ब्रिटनने २०१३ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक ग्लॉक घेण्याचे ठरवले, ते हाय-पॉवरच्याच जागी. ज्या वस्तूची मोठी सरकारी गिऱ्हाइके एकेक करून उठून गेली, तिचे उत्पादन केवळ हौशी संग्राहकांच्या प्रेमापोटी कोणता कारखाना चालू ठेवील? २०१७-१८ च्या सुमारास ते थांबले, त्यात मला काही अन्याय दिसत नाही. ऐंशी वर्षांहून अधिक काळ एकच आराखडा विकला गेला, हे खरे तर आश्चर्यच आहे.

ज्याची मला खरी तक्रार करावीशी वाटते, ती गोष्ट नंतर घडली. उत्पादन थांबताच मागणीला जाग आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरी कंपनीने ‘एसए-३५’ या नावाने जवळपास तेच पिस्तूल बाजारात आणले. त्यात मॅगझिन-सेफ्टी काढून टाकली होती, घोडा कातडी चिमटणार नाही असा केला होता आणि किंमतही कमी होती. वर सांगितलेले दोष दूर होण्यासारखे होते, हे त्यातून सिद्धच झाले. लगोलग जानेवारी २०२२ मध्ये एफएनने स्वतःच ‘हाय पॉवर’ या नावाने नवे पिस्तूल जाहीर केले. ते दिसायला जुन्याच्या वळणावर आहे, पण आतली रचना वेगळी आहे, आणि जुन्या मॅगझिन किंवा जुने सुटे भाग त्याला चालत नाहीत. पिस्तूल म्हणून ते चांगले असेलही. परंतु जगभरातल्या शस्त्रागारांत ज्या नावाची लाखो पिस्तुले पडून आहेत, तेच नाव न जुळणाऱ्या पिस्तुलाला देणे हा दुकानदारीचा भाग झाला. भांडारात त्यातून गोंधळच वाढतो. मागणीपत्रावर नाव एक, आलेल्या खोक्यावर नाव तेच आणि आतला भाग बसत नाही, हा अनुभव भांडारपालाला नवा नसतो.

इथून आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. आपल्या सैनिकांच्या आणि पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षे जे ‘पिस्टल ऑटो ९ एमएम १ए’ लटकत आले आहे, ते पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेले, कॅनडाच्या इंग्लिस नमुन्यावर बेतलेले हाय-पॉवरच आहे. त्यात भरली जाणारी काडतुसे पुण्याच्या खडकी कारखान्यातली. त्यांच्या बुडावरचे ‘केएफ’ हे शिक्के महाराष्ट्रातल्या कित्येक जवानांनी मैदानावर पितळी टरफले वेचताना पाहिले असतील. सामान्य परवानाधारकाला हे पिस्तूल मिळत नाही, कारण ९ मिलिमीटरचे हे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या मापांत, मोडते. म्हणजे परदेशात ज्या पिस्तुलावर संग्राहक भावुक होतात, ते आपल्याकडे फक्त सरकारी कामाचे अवजार आहे, आणि अवजाराबद्दल विचारायचा प्रश्न एकच असतो : बिघडले तर भाग कुठून आणायचा?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पिस्तुलाची चौकट आणि बॅरल वर्षानुवर्षे टिकते. आधी दगा देतात त्या स्प्रिंगा आणि मॅगझिनच्या वरच्या दोन कडा. त्या कडा केसभर वाकल्या, की काडतूस चेंबरकडे जाताना नाक वर करून अडकते आणि दोष मात्र पिस्तुलावर येतो. अशा वेळी खात्रीची नवी मॅगझिन हवी, पकडीने दाबून सरळ केलेली जुनी नव्हे. इंग्लिसचा नमुना हा एफएनने १९६२ च्या सुमारास केलेल्या बदलाच्या आधीचा, त्यामुळे उद्या परदेशातून उरलेसुरले भाग आणायचे म्हटले तरी सगळे जसेच्या तसे बसतील असे धरून चालता येत नाही. काही भाग कानस लावून, मापून, पुन्हा घासूनच बसवावे लागतात आणि तशी बोटे असलेले कारागीर आता निवृत्त होत चालले आहेत. कॅनडाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे : दुसऱ्या महायुद्धातली इंग्लिस पिस्तुले तिथल्या सैन्याने २०२२ मध्ये नव्या पिस्तुलांचा करार होईपर्यंत वापरली. इतका काळ जुनी पिस्तुले चालती ठेवायची तर सुट्या भागांची कशी ओढाताण होते, हे श्रीमंत देशालाही चुकले नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. इशापूर कानपूरच्या कंपनीकडे गेले, तर खडकी पुण्यात मुख्यालय असलेल्या दुसऱ्या कंपनीकडे. पिस्तूल एका कंपनीचे आणि काडतूस दुसऱ्या कंपनीचे, अशी ही वाटणी आहे. कंपनी म्हटली की ताळेबंद आला, आणि ताळेबंदात जुन्या पिस्तुलाची सात रुपयांची स्प्रिंग बनवण्याला काय मोल असणार? नवे शस्त्र घेण्याची बातमी पहिल्या पानावर येते. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण-संशोधन संस्थेने लष्करासोबत विकसित केलेल्या ‘अस्मी’ या मशीन पिस्तुलाचे स्वागत झाले, ते योग्यच होते. जुने शस्त्र कोणत्या तारखेपर्यंत वापरात राहील, तोवर त्याचे भाग कोण पुरवील आणि त्यानंतर ते कोणत्या पद्धतीने बाद केले जाईल, हे मात्र जाहीरपणे सांगितले जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की संबंधित खात्यांनी १ए पिस्तुलाची निवृत्तीची मुदत ठरवून ती सर्व दलांना, अगदी जिल्हा पोलीस मुख्यालयातील शस्त्रागारापर्यंत, लेखी कळवावी. त्या मुदतीपर्यंत पुरतील इतक्या स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर, काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिन आणि मॅगझिन एकदाच बनवून ठेवाव्यात. इशापूरचे आराखडे आणि मापनाचे गेज भंगारात जाऊ देऊ नयेत. इंग्लिसला चीनकडून मिळालेल्या नमुन्यांवरून मापे घेत नव्याने आराखडे करावे लागले होते, तशी पाळी आपल्यावर यायचे कारण नाही. आणि मुदत संपल्यावर पिस्तुले वितळवली जातील तेव्हा त्यांतली काही आडवी कापून, आतली यंत्रणा दिसेल अशा स्थितीत, पोलीस प्रशिक्षण केंद्रांना द्यावीत. आपल्या वृत्तपत्राने या मुदतीविषयी संरक्षण मंत्रालयाकडे आणि राज्याच्या गृह विभागाकडे विचारणा करून मिळालेले उत्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
कराड, जि. सातारा