वयात आलेल्या मादी सशाला घराबाहेर काढू नका, जाळीपलीकडे ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाळीव प्राणी म्हटलं की पेपरात कुत्रा नाहीतर मांजर, सशांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. सशांची छान जमलेली जोडी किंवा तिघांचा गट असतो, एकमेकांना चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात, आणि त्यातली लहान मादी चार-पाच महिन्यांची झाली की एकदम मारामाऱ्या सुरू होतात. मग लोक एकतर 'मिटवतील आपापसात' म्हणून सोडून देतात, नाहीतर त्या पिल्लालाच कुणालातरी देऊन टाकतात. दोन्ही चूकच, पण दुसऱ्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते पिल्लू काही वाईट झालेलं नसतं, ते फक्त वयात आलेलं असतं.

आमच्याकडे तीन ससे. ढब्बू आणि मनी मोठे, दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली, आणि चिंगी नंतर आली. ती एवढीशी असताना मोठ्यांनी तिला सांभाळून घेतलं, मनी तर तिचे कान तासन्‌तास चाटायची. साडेचार महिन्यांची झाली आणि सगळं बदललं. आधी ट्रे सोडून घरभर लेंड्या, मग भिंतीला मूत, मग ढब्बूभोवती गोल गोल फिरत घशातून बारीक गुणगुणल्यासारखा आवाज, मी तिच्या कोपऱ्यात गवत ठेवायला हात घातला तर फुरफुरून पुढच्या पायांनी फटके. एक दिवस तोंडात मिशांसारखं आडवं गवत धरून ती कोपऱ्यात नेताना दिसली, आम्हाला गोड वाटलं, फोटो काढले. तिथेच सावध व्हायला हवं होतं. सशाच्या मादीत बीज ठराविक दिवशी सुटत नाही, समागमाने सुटतं, आणि ऑपरेशन झालेल्या नराने किंवा दुसऱ्या मादीने नुसतं अंगावर चढूनही ते सुटू शकतं, मग खोटी गर्भधारणा होते, ती साधारण 16 ते 18 दिवस चालते. त्या दिवसांत ती छातीचे केस उपटून घरटं करते आणि तो कोपरा जिवापाड राखते. बिळं करून राहणाऱ्या रानसशांच्या माद्यासुद्धा बिळातल्या जागेसाठी एकमेकींशी भांडतातच, त्यामुळे चिंगी काही वेगळं करत नव्हती.

मनी नेहमीसारखी त्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जाऊन बसली आणि पुढच्या क्षणी दोघी एकमेकींत गुरफटून चाकासारख्या फिरत होत्या. आवाज जवळजवळ नाही, फक्त नखांची खरखर आणि हवेत केसांचे पुंजके. मी नुसता हात घातला आणि चांगलाच चावा बसला, तुम्ही असं करू नका, जाड टॉवेल टाका किंवा मधे पुठ्ठा घाला. मनीची वरची पापणी फाटली होती. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून बुबुळाला ओरखडा नाही ना ते बघितलं, आणि मग सगळ्या अंगावर फुंकर मारत केस बाजूला करून चावे शोधले. सशाचा पू घट्ट असतो, वाहून जात नाही, त्यामुळे केसांखाली लपलेला छोटा चावा आठवड्याभराने गाठ होऊन वर येतो. भांडणानंतर ससा दिसायला ठीक असला तरी अंग नीट तपासून घ्या.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं तेच मला सगळ्यांना सांगायचंय. वेगळं करा पण लांब करू नका. दुसऱ्या खोलीत दार लावून ठेवलं तर वास तुटतो आणि महिन्यानंतर ते एकमेकांना अनोळखीच होतात. शेजारी शेजारी जागा, मधे दोन जाळ्या आणि त्या जाळ्यांमधे चार बोटांची फट, कारण एकच जाळी असली तर आरपार नाकाला चावतात. जाळी उडी मारता येणार नाही इतकी उंच. पाला द्यायचा तो दोन्हीकडे एकाच वेळी आणि जाळीजवळच. रोज जागांची अदलाबदल करा असं बरेच जण सांगतात, आम्ही केली, पण चिंगी मनीच्या जागेत गेली की आधी सगळीकडे मुतून खूण करायची आणि मनी परत आली की बिथरायची, म्हणून आम्ही फक्त खालची चादर आणि थोडं वापरलेलं गवत बदलत राहिलो. मला विचाराल तर तेच बरं. तिसऱ्याच रात्री मनी जाळीला पाठ लावून झोपली होती आणि चिंगी पलीकडून तशीच.

आणि हो, या आठवड्यांत 'बघू या जमतंय का' म्हणून एकत्र सोडू नका, प्रत्येक फसलेली भेट नंतरचं काम वाढवते.

प्रत्येक धुसफुशीला वेगळं करायची गरज नसते. अंगावर चढली, खालचा ससा गप्प बसला किंवा निघून गेला, तर राहू द्या. पण डोक्याच्या बाजूने चढली तर लगेच उचला, खालचा ससा नाजूक जागी चावतो आणि ती जखम फार वाईट असते. शेपटी वर, कान मागे आणि पाठलाग थांबतच नाही असं झालं की त्याच दिवशी जाळी लावा, रक्त निघायची वाट बघू नका. सशांना झालेलं भांडण लक्षात राहतं. घरातल्या नराचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तो पुढे सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो, तेव्हा त्यालाही मादीपासून वेगळं ठेवा.

ऑपरेशन मात्र टाळू नका. ते फक्त शांततेसाठी नसतं, ऑपरेशन न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप असतो. सशांची सवय असलेला डॉक्टर शोधा. मला एका ठिकाणी रात्रभर उपाशी ठेवून आणा म्हणून सांगितलं होतं, पण ससा उलटी करूच शकत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं, उलट पोट चालू राहायला हवं. घरी आल्यावर खाते का आणि लेंड्या टाकते का एवढंच बघत बसायचं, बारा तास काहीच नाही तर तडक डॉक्टर.

टाके भरले म्हणजे झालं असं नाही, हार्मोन्स उतरायला आणखी चार-सहा आठवडे जातात, कधी जास्तही, तोवर जाळी तशीच राहू दे. मग दोघींपैकी कुणीच कधी न गेलेली जागा निवडा, आम्ही बाथरूम घेतलं, खाली रग टाकला, पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं. पाचव्या दिवशी मनी चिंगीसमोर डोकं जमिनीला टेकवून बसली, मला चाट म्हणून. चिंगी बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग त्याच फाटलेल्या पापणीवर दोनदा जीभ फिरवली.

डॉक्टरांना आणि ससे दत्तक देणाऱ्यांना हात जोडून विनंती, पिल्लू पहिल्यांदा दाखवायला आणतात तेव्हाच ते चार महिन्यांचं कधी होणार ती तारीख कागदावर लिहून द्या आणि तोवर जाळी आणून ठेवा म्हणून सांगा. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर मनीची पापणी फाटली नसती.

आपली,
एक वाचक