रात्रीचे तीन, तुमचे साडेसात

आइंडहोवन, नेदरलँड्स,
7 डिसेंबर

ती. आई व ती. अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघं इकडे मजेत आहोत. ओवीचं वजन परवा तीन किलो चारशे भरलं. थंडी आहे, पण घरात हीटर आहेत आणि मी पायात मोजे घालते. डोक्याला रुमालही बांधते, खरंच. आजीला मुद्दाम सांग.

रोज व्हिडिओ कॉल होतो तरी पत्र कशाला, असं अण्णा म्हणतील. अण्णा, कॉलवर सगळा वेळ ओवीचाच जातो. आजी "हसली, हसली" करते, आई टाळू भरली का बघते, आणि माझी पाळी येईस्तोवर ती रडायला लागते. आईचा चेहरा समोर असला की माझ्या तोंडून "सगळं छान" एवढंच निघतं. म्हणून लिहायला बसले. ऑफिसातले एक जण शुक्रवारी पुण्याला निघालेत, ते तिथून कुरिअर करतील. दोन-तीन बैठकांत लिहितेय, तेव्हा अक्षर मागेपुढे झालं तर समजून घ्या.

आधी शेगडीचं. आई, तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. शेक-शेगडी, ओव्याची धुरी यातलं काहीच झालं नाही. 1 जुलै 2022 पासून इथे प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. नुसती फोडणी करपली तरी तो किंचाळतो, तिथे निखारे कुठे ठेवणार? पण अंघोळ कडकडीत पाण्यानेच करते आणि पोटाला तू दिलेला पट्टा बांधते. त्यामुळे "वात धरेल" ही काळजी सोड.

खाट मात्र इथेही उंच करतात! हे तुला नीट सांगायलाच हवं, कारण फोनवर तू "कसले ठोकळे?" विचारलंस आणि मी घाईत काहीतरी सांगितलं. इथे बाळंतपणानंतर आठ दिवस एक शिकलेली बाई घरी येते. या पद्धतीला क्रामझोर्ग म्हणतात, म्हणजे बाळंतिणीची सेवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नाव नोंदवायचं. तासाला पाच-सहा युरो आपले, बाकी सगळं विम्यातून. तर ती बाई येण्याआधी आपली खाट जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत 80 सेंटीमीटर उंच करून ठेवायची, असा नियम. आमची भरली 52. मग तुमच्या जावयांनी दुकानातून भाड्याने चार ठोकळे आणले, एकेक कोपरा उचलून खाली सरकवले, पुन्हा टेप लावला, पुन्हा मोजलं. मला वाटलं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून असेल, किंवा इथेही पूर्वी खाली शेगडी ठेवत असतील. तसं काही नाही. त्या बाईची पाठ दुखू नये म्हणून! दिवसातून दहा वेळा तिला खाटेवर वाकावं लागतं, बाळाला धरायला शिकवायचं, टाके बघायचे, चादर बदलायची. रोज नव्या घरी वाकून वाकून तिची कंबर जाऊ नये म्हणून खाट तिच्या कमरेइतकी वर घ्यायची. खाट खाली असली तर ती काम नाकारू शकते. मी स्टुलावर पाय ठेवून चढायचे आणि आत पडले की वर माळ्यावर निजल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मला हे विचित्र वाटलं होतं. मग आपल्या वाड्यात मालिशवाली मावशी जमिनीवर बसून पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालायची ते आठवलं. तिच्या गुडघ्यांचा विचार तेव्हा आपल्यात कुणी केला होता का?

त्या बाई पन्नाशीच्या होत्या, उंच, मोठ्या हाताच्या. आल्या की आधी हात धुवायच्या, मग संडास-बाथरूम घासायच्या, मग माझा ताप, ओवीचा ताप, सगळं एका वहीत. ओवीच्या पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवायच्या, बाळापासून वीतभर लांब, बूच खाली करून. तू पाठवलेली चादर मी खाटेवर घातली होती, लाल-काळी, मोरांची. त्यांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, दोन्ही बाजूंनी नक्षी कशी? मी सांगितलं, माझ्या वडिलांनी तीस वर्षं याच चादरींच्या मागावर काढलीत, त्या खडखडाटाने त्यांना कानाने कमी ऐकू येतं. त्या नुसत्याच चादरीवरून हात फिरवत राहिल्या. जाताना म्हणाल्या, ओवीचं अंग पुसायला तुमचा तो टॉवेलच ठेवा, आमच्याकडच्यापेक्षा पाणी लवकर टिपतो. अण्णा, हे तुमच्यासाठी लिहिलं.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

तिसऱ्या दिवशी ओवीचं वजन 2980 ग्रॅमवरून 2710 वर आलं होतं. अंगावर घेतलं की दोन घोट ओढायची आणि झोपून जायची. बाळाचं वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या जवळ गेलं की इथे सगळे सावध होतात. रात्रभर मला दूधच उतरेना. बाई म्हणाल्या, दर तीन तासांनी उठवायचं, आधी अंगावर, मग पंपाने काढलेलं वरून पाजायचं, बाटलीने नको, छोट्या कपाने. कपाने पाजताना अर्धं मानेवर सांडायचं. तेव्हा मी ट्रंकेतून तुझं चांदीचं बोंडलं काढलं. बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं, चोचीवरून बोट फिरवलं, कुठे धार तर नाही ना म्हणून. "हे काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं भांडं, यातून माझी आई प्यायली, मी प्यायले. त्यांनी दहा मिनिटं पाण्यात उकळवलं आणि माझ्या हातात दिलं. आई, पहिल्या खेपेला वीस मिली गेलं. एक थेंब सांडला नाही. तिची जीभ चोचीला कशी लागते ते मी अगदी जवळून पाहिलं आणि मला एकदम तुझी अशी आठवण आली की तो घोट संपेपर्यंत मी रडत होते. त्याच दिवशी सकाळी तू कॉल केला होतास आणि मी म्हणाले होते, "पोटभर पितेय."

पाचव्या दिवशी पान्हा फुटला. आता तर ती पिऊन पिऊन ओकते. आठवड्यापूर्वी बोंडलं धुऊन परत ट्रंकेत ठेवलं. म्हणजे आता काळजीचं काही नाही. पण ती रात्र मी लपवली, हे मनात राहिलं होतं.

तुम्हीही ऑगस्टमध्ये अण्णांना स्टेंट टाकला ते मला चौथ्या दिवशी सांगितलंत. पोटुशी आहे, जिवाला घोर नको म्हणून. मला राग आला नव्हता, पण त्या चार दिवसांत मी तुम्हाला स्क्रीनवर ओवीच्या लोकरीच्या टोपीचे रंग दाखवत होते, आणि आई दवाखान्याच्या पायरीवर बसून "गुलाबी घे" म्हणत होती. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. अण्णांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? खरं लिही, आई.

आजीने मध-सोनं चाटवायचं सांगितलं होतं, ते केलं नाही. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम नावाचा वाईट आजार होऊ शकतो, आणि हे आपल्याकडचे डॉक्टरही सांगतात. मोहरीची उशीही ठेवत नाही, कुठलीच उशी ठेवत नाही. इथे पूर्वी बाळांना पालथं निजवायचे, आणि झोपेत बाळं दगावायची. 1987 पासून तसं निजवू नका म्हणून सांगायला लागले, आणि ते प्रमाण खूपच उतरलं. म्हणून पाठीवर, रिकाम्या पाळण्यात. डोकं चपटं होईल म्हणशील, तर जागी असताना मी तिला पोटावर ठेवते. काजळ डोळ्यांत नाही, तळपायाला तीट लावलीय. तुझं सगळं सोडून दिलंय असं वाटून घेऊ नकोस. डिंकाचे लाडू रोज दोन. अळिवाची खीर झाली. ज्वारीचं पीठ संपत आलंय, भाकरी तव्यावरच कडक करून ठेवते, शेंगा चटणी आणि तूप, दुपारचं जेवण तेवढंच. बाळंतशोप तर इथल्यांचीही आहे! बाळ बघायला आलेल्यांना गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेले गुलाबी-पांढरे, बडीशेपेसारखे ॲनिसचे दाणे देतात, मुलगा असेल तर निळे. त्या दाण्यांना छोटे उंदीर म्हणतात, शेपटीसारखा देठ असतो म्हणून. पूर्वी दूध यायला चांगली म्हणून देत असत, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना आपल्या शोपेची डबी उघडून वास दिला.

आत्या अजून रुसल्यात का? मी त्यांना दोनदा फोन केला, त्या "कामात आहे" म्हणतात. पण मी काय करणार होते? इथे जन्म तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदवायचा आणि नोंदवताना नाव द्यायचंच. बारशाला बाराव्या दिवशी आत्यांनी नाव ठेवायचं, हे मला ठाऊक नाही का? म्हणून तर पाळणा बांधला, फोन उशीपाशी उभा केला आणि "कुर्रर्र" त्यांनाच करायला लावलं. पण त्यांना कळलं की कागदावर आधीच लिहून झालंय. त्यांच्या मनात दुसरं नाव होतं हे मला नंतर समजलं. त्यांना सांगा, ओवी हे नाव आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं आहे, माझ्या मनाचं नाही. तसं इथे सगळे तिला "ओफी"च म्हणतात.

हे वाचताना आई बसलेली असेल तर पुढचं वाच.

भावाच्याच लग्नाला, पिंटूच्या लग्नाला, मी येऊ शकत नाही. ओवी इथे जन्मली म्हणून इथली नागरिक होत नाही. तिचा पासपोर्ट भारताचाच, तो द हेगच्या वकिलातीतून निघणार, त्यानंतर तिच्या इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज. फेब्रुवारीपर्यंत हे सगळं हातात येईल असं कुणीच सांगत नाही. एकटी येऊन जा असं पिंटू म्हणाला. अडीच महिन्यांची पोर अंगावर पितेय, तिला सोडून मला विमानात बसता येणार नाही. मी खूप हिशेब केले, आई. बाळंतपणाची रजा फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, तिथून पुढे सत्तर टक्के पगारावर नऊ आठवडे आहेत, ते मी जूनसाठी राखून ठेवतेय. मे महिन्यात तिला सोलापूरच्या उन्हात आणणार नाही. पाऊस पडला की येते, महिनाभर राहते. नक्की.

10 तारखेपर्यंत आईच्या खात्यावर दीड लाख येतील. कार्यालयाची आगाऊ रक्कम त्यातून द्या, अण्णांनी एफडी मोडायची नाही. वीस हजार वेगळे आहेत, ते टाकीचे. काही दिवसांआड नळाला पाणी येतं, लग्नघरात पाहुणे येणार, आणि अण्णांनी बादल्या उचलायच्या नाहीत. मोठी टाकी वर बसवून घ्या. दीड लाख आधी देते आणि मग येत नाही म्हणते, असं पिंटूला वाटू नये. पैसे मी ऑगस्टपासून बाजूला काढत होते, तेव्हा मी येणारच होते.

गड्ड्याच्या जत्रेला पिंटू यंदाही बाराबंदी घालणार असेल. सिद्धेश्वराच्या लग्नात संमती कट्ट्यावर अक्षता टाकताना एक मूठ ओवीच्या नावाने टाकायला सांगा. आणि पिंटूच्या लग्नात कऱ्हा घेऊन करवली म्हणून उभं राहायला मामाच्या सोनीला सांगा. माझ्या कपाटात वरच्या खणात हिरवी इरकल आहे, ती तिला नेसायला द्या. पदराला पिन लावू नका, विरते.

रात्री तीनला ओवी उठते तेव्हा तुमच्याकडे साडेसात वाजलेले असतात. अण्णा दूध घेऊन आले असतील, आईचा चहा उकळला असेल, असं मनात म्हणत मी तिला पाजते. उत्तर लवकर लिहा. आजीला आणि काका-काकूंना नमस्कार.

तुमची लेक

ता. क. सोबत ओवीच्या पायांचे ठसे पाठवतेय. उजवा पुसट आलाय, नेमकी तेव्हाच तिने लाथ मारली. पाय दोन्ही ठणठणीत आहेत.